स्क्रीनवर दोन ओळी, कंट्रोलरवर एक ब्लॉक : डीएनसी प्रकल्पाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५ : व्याप्ती

शॉपमधल्या सीएनसी मशीनचे सगळे प्रोग्राम एका लिनक्स सर्व्हरवर आणायचे आणि तिथूनच मशीनला पाठवायचे (यालाच डीएनसी म्हणतात), एवढं हे काम. आजवर ते तीन जागी विखुरलेले होते: विंडोजचा जुना पीसी, ऑपरेटरांचे पेनड्राइव्ह आणि कंट्रोलरची मेमरी. मशीन पाच. फानुक ०आय-एमसी कंट्रोलरचे दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), फानुक ०आय-टीसीचं एक टर्निंग सेंटर, हासचा एक व्हीएमसी, आणि नेमप्लेट कोरायचा छोटा राउटर. राउटरच्या बोर्डवर जीआरबीएल १.१ हे कंट्रोलर सॉफ्टवेअर आहे.

तक्रारी तीन प्रकारच्या. फाइल पाठवली की कंट्रोलरच्या पडद्यावर एलएसके (लेबल स्किपची खूण) लुकलुकत राहतं आणि प्रोग्राम आत येतच नाही. किंवा प्रोग्राम येतो, पण दर ब्लॉकमागे, म्हणजे हुकुमांच्या दर ओळीमागे, एक-दोन रिकामे ईओबी (ब्लॉक संपल्याच्या खुणा) घेऊन. तिसरी तक्रार सर्वांत वाईट: दोन वेगळे ब्लॉक चिकटून एक झालेले. पहिल्या दोन प्रकारांत वेळ जातो. तिसऱ्यात टूल जातं, फिक्श्चर जातं, कधी स्पिंडलही. म्हणून काम तिसऱ्यापासून सुरू.

नोंदींत वापरलेली चिन्हं: सीआर म्हणजे १३ क्रमांकाचा बाइट, हेक्समध्ये ०डी. एलएफ म्हणजे १०, हेक्समध्ये ०ए. विंडोज ओळ संपवताना सीआर-एलएफ लिहितं, लिनक्स नुसता एलएफ, आणि मॅक ओएस ९ पर्यंतचे मॅक नुसता सीआर लिहीत. फानुकच्या पडद्यावर ब्लॉकच्या शेवटी दिसणारा अर्धविराम फाइलमध्ये नसतो. आयएसओ कोडमध्ये (कंट्रोलरच्या दोन अक्षरकोडांपैकी एक, दुसरा ईआयए) ती एलएफची खूण आहे. फाइलमध्ये अर्धविराम टाइप करून ईओबी मिळत नाही.

४ फेब्रुवारी : चिकटलेला ब्लॉक

तक्रारीची फाइल तपासली. नोटपॅड प्लस प्लसमध्ये दोन सरळ ओळी दिसतात. पहिली जी०० झेड५०., म्हणजे टूल वर घे. दुसरी एक्स-१२०. वाय८०., म्हणजे पुढच्या भोकावर जा. कंट्रोलरवर मात्र हा एकच ब्लॉक: जी०० झेड५०. एक्स-१२०. वाय८०. तिन्ही अक्ष एकदम सुटतात आणि टूल जॉबमधून पुरतं बाहेर पडायच्या आतच रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, आडवं निघतं. वाटेत क्लॅम्प असेल तर काय होईल हे सांगायला नको.

त्या जागेचे बाइट असे:

५ए ३५ ३० २ई ०डी ५८ २डी ३१ ३२ ३० २ई

म्हणजे झेड, ५, ०, टिंब, सीआर, एक्स, उणे, १, २, ०, टिंब. मध्ये ०डी आहे, पण त्याच्या मागे ०ए नाही. आजचे बहुतेक एडिटर एकटा सीआरसुद्धा ओळीचा शेवट मानून पडद्यावर नवी ओळ दाखवतात. फानुक आयएसओ कोडमध्ये सीआरकडे दुर्लक्ष करतं, त्याला ईओबी म्हणजे एलएफच. फाइलमधल्या बाकी सगळ्या ओळी सीआर-एलएफच्या आहेत, त्यामुळे ही एकच जागा नजरेला कधीच सापडली नसती. नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू, शो सिम्बॉल, शो ऑल कॅरेक्टर्स चालू केलं की मात्र लगेच कळतं: इतर ओळींच्या शेवटी सीआर आणि एलएफ असे दोन काळे ठोकळे, इथे एकच.

उगम असा: भोकांच्या कोऑर्डिनेटची यादी मॅकवरच्या एक्सेलमधून ‘मॅकिंटॉश टेक्स्ट’ या प्रकारात सेव्ह झाली आणि ती फाइल विंडोजवरच्या प्रोग्रामला जोडली गेली. फाइलला फाइल जोडली की ओळींचे शेवट जसेच्या तसे येतात, कोणी बदलत नाही.

इथे एक निर्णय घेतला आणि तो पुढेही बदलायचा नाही. एकटा सीआर सापडला तर सॉफ्टवेअरने आपणहून दुरुस्ती करायची नाही. सीआर काढून टाकला तर वरच्यासारखे ब्लॉक चिकटतात. उलट त्याच्या जागी एलएफ घातला आणि तो सीआर मुळात एका ब्लॉकच्या मध्येच घुसलेला असला, तर एक्स४०. वाय२५. या तिरप्या कटाचे दोन तुकडे होतात: आधी एक्स, मग वाय. उताराच्या जागी पायरी कापली जाते आणि जॉब भंगारात जातो. कोणता अर्थ खरा ते ड्रॉइंग समोर असलेल्या माणसालाच कळतं. म्हणून फाइल अडवायची, ओळीचा क्रमांक दाखवायचा, आणि प्रोग्रामरने ठरवायचं.

५ फेब्रुवारी : कंट्रोलरमधून काय बाहेर पडतं

व्हीएमसी-१ वरून ओ१२३४ हा प्रोग्राम बाहेर काढला. एडिट मोड, प्रोग्राम, पंच. पीसीचा पोर्ट मुद्दाम ८ डेटा बिट, पॅरिटी नाही असा ठेवला, म्हणजे तारेवरून जे येतं ते जसंच्या तसं दिसतं. सुरुवातीला ०० बाइटांची लांब रांग, आणि मग:

ए५ ०ए ८डी ८डी सीएफ बी१ बी२ ३३ बी४ ०ए ८डी ८डी

हे वाचायला सोपं आहे. आयएसओ कोड सात बिटांचा, आठवा बिट सम पॅरिटीचा. टक्क्याचा कोड २५, त्यात एक तीनदा येतो, म्हणून आठवा बिट लागून ए५ होतो. ३ या अंकाचा कोड ३३, त्यात एक चारदा, म्हणून तो तसाच राहतो. सीआर ०डी, तीन एक, म्हणून ८डी. एलएफ ०ए, दोन एक, म्हणून ०ए. एकदा हे डोक्यात बसलं की हेक्समधून प्रोग्राम सरळ वाचता येतो.

मुद्दा असा की ब्लॉकच्या शेवटी एलएफ सीआर सीआर बाहेर पडतंय. पॅरामीटर ०१०० चा बिट ३, एनसीआर, ० असेल तर फानुक असंच करतं. १ केला की नुसता एलएफ येतो. ही पद्धत टेलिटाइपच्या काळातली: छापणारी गाडी डावीकडे परत जायला वेळ लागे, आणि जास्तीचा सीआर तेवढा वेळ मिळवून देई. आज त्या दोन सीआरचा काहीच उपयोग नाही. उलट काही एडिटर त्यांच्या तीन ओळी करतात, आणि तीच फाइल परत पाठवली की रिकामे ईओबी. तक्रार क्रमांक दोनचं मूळ हेच.

बदल: एमडीआय मोड, सेटिंग पानावर पीडब्ल्यूई (पॅरामीटर लिहायची परवानगी) १. अलार्म १०० येतो, तो यायचाच. कॅन आणि रीसेट एकत्र दाबून घालवला. ०१०० चा बिट ३ केला १. चॅनेल ० असल्याने ०१०१ चा बिट ७ सुद्धा १ केला, त्यामुळे आधी-नंतरची ०० ची रांग बंद. पीडब्ल्यूई परत ०, रीसेट. दोन्ही व्हीएमसी आणि टर्निंग सेंटरवर हेच. पॅरामीटर ०००० चा बिट १ सगळीकडे १, म्हणजे बाहेर पडणारा कोड आयएसओ, याची खात्री केली. तो ० असेल तर ईआयए कोड बाहेर पडतो, ज्यात ईओबी ८० आणि टक्का ०बी असतो. सात बिटांवर ८० घेतला तर उरतो ००, म्हणजे ओळींचे शेवट सगळे गायब.

रिकामे ईओबी फक्त दिसायला वाईट असतात असं नाही. फानुकची प्रोग्राम मेमरी अजून कागदी टेपच्या लांबीत मोजतात आणि एका इंचात १० अक्षरं बसतात, म्हणजे एक अक्षर २.५४ मिमी. ८० मीटरच्या मेमरीत ३१ हजारांच्या आसपास अक्षरं. ४,००० ब्लॉकच्या प्रोग्राममध्ये दर ब्लॉकमागे एक फुकट ईओबी असेल तर १०.१६ मीटर टेप नुसत्या रिकाम्या ब्लॉकांवर खर्ची पडते.

७ फेब्रुवारी : लिनक्सचा पोर्टसुद्धा ओळी बदलतो

एनसीआर बदलण्याआधी तीच फाइल लिनक्स सर्व्हरवर घेतली होती, तेव्हा सीआरच दिसेना, एलएफ मात्र एकामागोमाग तीन. कंट्रोलर निर्दोष. लिनक्स सिरियल पोर्टला टर्मिनल समजतं आणि आयसीआरएनएल ही सोय मुळातच चालू असते: आत येणारा सीआर एलएफ करून देते. बाहेर जाताना ओपोस्टसोबत ओएनएलसीआर चालू असेल तर एलएफचा सीआर-एलएफ होतो. म्हणजे फाइल, पोर्ट आणि कंट्रोलर असे तिघं ओळीच्या शेवटाला हात लावणारे. दोष शोधताना आधी मधला बाजूला काढायचा.

एसटीटीवाय या लिनक्सच्या आदेशाने पोर्ट रॉ केला, म्हणजे बाइट न बदलणारा. रॉ केल्यावर एक्सऑन-एक्सऑफ (चालू कर, थांब हे निरोप पाळणं) सुद्धा बंद पडतं, ते आयएक्सऑन देऊन पुन्हा चालू करावं लागतं. हे राहिलं तर फाइल निम्मी गेल्यावर अलार्म ०८७ येतो: कंट्रोलरने डीसी३ पाठवून थांब म्हटलं, तरी अक्षरं येतच राहिली.

पाठवायचं सेटिंग कायम: ७ डेटा बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट. ८ बिट-पॅरिटी नाही हे फक्त बाइट बघण्यासाठी, पाठवण्यासाठी कधीही नाही. कारण कंट्रोलरचा डीसी३ पॅरिटीसकट ९३ म्हणून येतो, आणि आठ बिटांवर पीसी १३ ची वाट बघत बसतो. थांबायचा निरोप ओळखलाच जात नाही.

केबलची नोंद इथेच. मशीनचं टोक २५ पिनचं, पीसीचं ९ पिनचं: २ ला २, ३ ला ३, ७ ला ५. मशीनकडे ४-५ जोड, ६-८-२० जोड. पीसीकडे ७-८ जोड, १-४-६ जोड. मशीनकडचा ६-८-२० निसटला तर अलार्म ०८६. बॉड रेट किंवा पॅरिटी जुळत नसेल तर ०८५. हे दोन अलार्म आले तर फाइलमधल्या ओळींच्या शेवटांमागे लागू नका. तो दोष तारेचा किंवा पोर्टच्या सेटिंगचा.

८ फेब्रुवारी : एलएसके का लुकलुकतं

फानुक पहिला ईओबी मिळेपर्यंत आलेलं सगळं टाकून देतं. याला लेबल स्किप म्हणतात आणि एलएसके त्याचीच खूण. कागदी टेपच्या डोक्यावर हाताने काही लिहिलेलं असे, ते प्रोग्राममध्ये येऊ नये म्हणून ही सोय. आयएसओ की ईआयए हेही कंट्रोलर याच पहिल्या ईओबीवरून ओळखतं. पहिल्या ईओबीला एवढं महत्त्व आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. फाइलमध्ये सगळीकडे नुसता सीआर असेल तर आयएसओच्या नजरेने ईओबी कधी येतच नाही आणि एलएसके लुकलुकत राहतं. दुसरी: पहिली ओळ नुसता टक्का, मग एलएफ, मग ओ नंबर, हाच क्रम हवा. टक्का आणि ओ नंबर एकाच ओळीत असतील तर ओ नंबर लेबल समजून टाकला जातो. टक्का न लिहिता फाइल थेट ओ नंबरपासून सुरू केली तरी तेच.

विंडोजवरचे काही एडिटर यूटीएफ-८ फाइलच्या डोक्यावर ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट लिहितात. टक्क्याच्या ओळीसमोर ते आले तर फानुकच्या सिरियल पोर्टवर काही बिघडत नाही, लेबल स्किपमध्येच जातात. तरीही पाठवण्याआधीच्या फिल्टरमध्ये ते काढायचेच, कारण तीच फाइल उद्या दुसऱ्या मशीनवर जाईल.

१० फेब्रुवारी : मराठी कमेंट

हा भाग मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक शॉपने वाचावा. मॅन्युअलमध्ये तो सहसा सापडत नाही.

टर्निंग सेंटरचा एक प्रोग्राम दर वेळी एकाच जागी तुटायचा. पुढचे ब्लॉक नाहीत, एम३० (प्रोग्राम संपवणारा हुकूम) नाही. तुटायची जागा म्हणजे कंसातली कमेंट: (बोरिंग). दुसऱ्या प्रोग्राममध्ये (रफिंग) आणि (फिनिशिंग) होतं, तो मात्र पूर्ण येतो, कमेंटच्या जागी कचरा दिसतो एवढंच.

कारण बाइटमध्ये आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला बाइट ई०. दुसरा ए४ किंवा ए५. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, काना-मात्रा, हलन्ताचा पाय आणि ० ते ९ हे अंक, या सगळ्यांचा दुसरा बाइट ए५. सात बिटांचा पोर्ट आठवा बिट कापतो आणि ए५ चा होतो २५. २५ म्हणजे टक्का, म्हणजेच टेप संपली.

(बोरिंग) मधल्या काना-मात्रेचे बाइट ई० ए५ ८बी. कंट्रोलरला मिळतात ६० २५ ०बी, आणि २५ येताच तो वाचन थांबवतो. (रफिंग) आणि (फिनिशिंग) यांतल्या सगळ्या चिन्हांचा दुसरा बाइट ए४, तो होतो २४, म्हणजे डॉलरचं चिन्ह. म्हणून ते वाचले.

तिसऱ्या बाइटचे धोके वेगळेच. ऊ या अक्षराचे बाइट ई० ए४ ८ए, आणि ८ए चा होतो ०ए: कमेंटच्या मध्येच ईओबी. ओ चा तिसरा बाइट ९३, त्याचा १३, म्हणजे डीसी३. हलन्ताच्या पायाचे बाइट ई० ए५ ८डी: आधी टक्का, मागोमाग सीआर. जोडाक्षर असलेली कुठलीही कमेंट म्हणजे तुटलेला प्रोग्राम.

पाठवणारं सॉफ्टवेअर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्ह घालून पाठवत असेल तर हे घडत नाही. बाइट जसेच्या तसे पाठवणारं असेल तर घडतंच. आपलं दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि तसंच असायला हवं.

राउटरवर हाच विषय जास्त गंभीर. जीआरबीएल १.१ मध्ये पोर्ट आठ बिटांचा, आणि ८० च्या वरचे बाइट हे लगेच अमलात येणारे हुकूम आहेत. ते ओळीत थांबत नाहीत, कमेंटमध्ये आहेत का हेही बघितलं जात नाही, पोर्टवर येताच उचलले जातात. ९६ आला की रॅपिड ५० टक्के, ९७ आला की २५ टक्के, ९ए आला की स्पिंडलचा वेग १० टक्के वर, ए० आला की कूलंट चालू-बंद. आता (खाच) ही साधी कमेंट घ्या: ख चा शेवटचा बाइट ९६, च चा ९ए. नेमप्लेटवर खाच कोरायच्या आधीच रॅपिड निम्मा आणि स्पिंडल वर. ठ चा शेवटचा बाइट ए०.

मराठी सूचना ऑपरेटरला हव्यातच, त्या काढायच्या नाहीत. प्रत्येक प्रोग्रामसोबत त्याच नावाची वेगळी सेटअप शीट ठेवायची, तिच्यात मराठी हवी तेवढी. प्रोग्रामच्या कंसात फक्त रोमन मोठी अक्षरं आणि इंग्रजी अंक.

१२ फेब्रुवारी : फिल्टर

सर्व्हर आणि मशीन यांच्यामध्ये एकच पायथन प्रोग्राम. फाइल बाइट म्हणून उघडायची आणि बाइट म्हणूनच लिहायची. टेक्स्ट मोडमध्ये उघडली तर पायथन स्वतःच ओळींचे शेवट बदलतो, आणि विंडोजवर आधीच सीआर-एलएफ असलेला मजकूर टेक्स्ट मोडमध्ये लिहिला तर सीआर सीआर एलएफ तयार होतो. जुन्या साठ्यात अशा फाइली बऱ्याच आहेत.

क्रम असा. डोक्यावरचे ईएफ बीबी बीएफ काढायचे. शेवटी डॉसच्या काळातला १ए असेल तर तोही. मग सीआर-एलएफ, सीआर सीआर एलएफ आणि एलएफ सीआर सीआर या तीन ओळखीच्या जोड्यांचा एक एलएफ करायचा. लांब जोड्या आधी, छोटी नंतर, नाहीतर सीआर उरतात. एवढं झाल्यावर एकही सीआर शिल्लक राहिला तर फाइल अडवायची. याला एकच अपवाद: फाइलमध्ये मुळात एलएफ एकही नसेल आणि सीआरच असतील तर ती जुन्या मॅक पद्धतीची फाइल, तिथे सीआरचा एलएफ करायचा. तरीही प्रोग्रामरला सूचना जातेच.

पुढे: ७ई च्या वरचा कुठलाही बाइट सापडला तर फाइल अडवायची. २० च्या खाली फक्त एलएफ चालेल, टॅब असेल तर मोकळी जागा करायची. वर्डमधून चिकटवलेलं लांब उणेचिन्ह याच चाळणीत अडकतं: त्याचे बाइट ई२ ८८ ९२, पडद्यावर मात्र ते हुबेहूब उणेच दिसतं. रिकाम्या ओळी काढायच्या. पहिली ओळ नुसता टक्का, शेवटची ओळ नुसता टक्का, मध्ये कुठेही टक्का नको, कंसातसुद्धा नाही.

शेवटच्या ओळीनंतर एलएफ हवाच. तो नसेल तर लिनक्सच्या शेलमधलं ओळी-ओळीने वाचणारं साधं लूप शेवटची ओळ सोडून देतं, आणि राउटरवर शेवटचा ब्लॉक बफरमध्ये अडकून राहतो, चालतच नाही.

मशीननिहाय शेवट फक्त याच जागी लागतो. साठ्यात एकच रूप, नुसता एलएफ. फानुकला एलएफ, राउटरला एलएफ, हासला सीआर-एलएफ.

१४ फेब्रुवारी : एका सीआरची किंमत

साचा कापायचे लांब प्रोग्राम मेमरीत मावत नाहीत, ते ड्रिप फीडने जातात, म्हणजे एकीकडे पाठवत आणि दुसरीकडे चालवत. तिथे एकेक बाइट मोजावा लागतो. ७ बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट आणि स्टार्ट बिट धरून एका अक्षराला ११ बिट. ९६०० बॉडला सेकंदाला ८७२ अक्षरं, म्हणजे एका अक्षराला १.१५ मिलिसेकंद.

फीड १,२०० मिमी प्रतिमिनिट, पृष्ठभागाचे तुकडे अर्ध्या मिलिमीटरचे. एक तुकडा २५ मिलिसेकंदांत कापून होतो. १९ अक्षरांचा ब्लॉक आणि एक एलएफ, एकूण २०: पोचायला २२.९ मिलिसेकंद. सीआर-एलएफ लावला तर २४.१. एलएफ सीआर सीआर लावला तर २५.२, आणि मशीन पुढच्या ब्लॉकची वाट बघत थबकू लागतं. पृष्ठभागावर बारीक खुणा उठतात, आणि दोष टूलला किंवा सर्व्होला दिला जातो.

पॅरामीटर ०१०३ मध्ये १०, म्हणजे ४८००, होतं. ११ केलं, म्हणजे ९६००. १२, म्हणजे १९२००, लांब केबलवर ०८५ देतं, म्हणून व्हीएमसी-२ ला नको. ब्लॉकमधल्या मोकळ्या जागा आणि एन नंबर (ब्लॉकचे क्रमांक) पोस्ट प्रोसेसरमधूनच, म्हणजे प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच, बंद केले. सीआर काढून जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट तिथे मिळतं.

१७ फेब्रुवारी : हास आणि राउटर

हासमध्ये काम सोपं. सेटिंग २५ मध्ये ईओबीचे चार पर्याय नावानिशी दिलेत: सीआर-एलएफ, फक्त एलएफ, एलएफ सीआर सीआर, फक्त सीआर. सीआर-एलएफ ठेवला. सेटिंग १४ एक्सऑन-एक्सऑफ, ३७ मध्ये ७ डेटा बिट.

राउटरच्या बाबतीत सावधगिरी हवी. जीआरबीएल सीआरलाही ओळीचा शेवट मानतं आणि एलएफलाही, आणि दर शेवटाला एक ओके परत पाठवतं, ओळ रिकामी असली तरी. सीआर-एलएफ पाठवलं की एका ब्लॉकला दोन ओके. पाठवणारं सॉफ्टवेअर ओके मोजून १२८ बाइटच्या बफरमध्ये किती जागा मोकळी आहे याचा हिशेब ठेवत असेल तर तो हिशेब चुकतो. जागा नसतानाही अक्षरं जातात, काही हरवतात, आणि एक्स१०५.५ चं एक्स१५.५ होऊ शकतं. ब्लॉक तरीही वैध दिसतो आणि एकही एरर येत नाही. म्हणून राउटरला फक्त एलएफ.

एका ओळीचा बफर ८० बाइटचा, त्यापुढे एरर ११. कमेंट मात्र त्यात मोजली जात नाही.

१९ फेब्रुवारी : जुना साठा

संपूर्ण साठा फिल्टरमधून फक्त तपासणीसाठी काढला, काही बदललं नाही. मशीन मोकळी असताना करायचं काम नव्हे, कुठल्याही वेळी चालतं. गुरुवारच्या सुट्टीची वाट बघू नये. अडलेल्या फाइलींचे तीन ढीग केले: एकटा सीआर, देवनागरी किंवा लांब उणे, मध्येच टक्का. पहिला ढीग प्रोग्रामरने ड्रॉइंगसोबत बघायचा. बाकी दोन यांत्रिक काम.

फाइली आणताना एफटीपी बायनरी मोडमध्येच ठेवायचा. आस्की मोड ओळींचे शेवट मध्येच बदलून टाकतो, आणि मग मूळ दोष फाइलचा की वाटेतला हे कळत नाही. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये प्रोग्रामच्या एक्स्टेन्शनसमोर ‘उणे टेक्स्ट’ लिहिलं, म्हणजे गिट त्या फाइलींच्या ओळींना हात लावत नाही. कोणाच्या लॅपटॉपवर ऑटोसीआरएलएफ (ओळींचे शेवट आपोआप बदलणारं गिटचं सेटिंग) चालू आहे यावर मग काही अवलंबून राहत नाही.

ऑपरेटरांच्या पीसीवरचं नोटपॅड जुनं असेल तर एलएफच्या फाइली एका लांबलचक ओळीत दिसतील. विंडोज १० च्या २०१८ मधल्या सुधारणेपासून नोटपॅड एलएफ ओळखतं. जुन्या पीसीवर नोटपॅड प्लस प्लस टाकून दिलं, नव्या फाइलींचं डीफॉल्ट युनिक्स एलएफ केलं.

२२ फेब्रुवारी : चाचणी

रिकामा ओ नंबर घेऊन प्रत्येक फानुकवर फाइल पाठवली. तो नंबर आधीच मेमरीत असेल तर अलार्म ०७३ येतो, म्हणून आधी यादी बघायची. मग तोच प्रोग्राम पंच करून परत घेतला, दोन्ही फाइलींतल्या मोकळ्या जागा काढल्या आणि बाइटला बाइट ताडून पाहिला. जुळलं. ब्लॉकची संख्याही वेगळी मोजली: फाइलमधले एलएफ आणि परत आलेल्या फाइलमधले एलएफ सारखेच हवेत. वाटेत ब्लॉक चिकटला असेल तर नुसत्या या संख्येतसुद्धा फरक दिसतो, आणि ही तपासणी सेकंदाची आहे. ती आता दर पाठवणीनंतर आपोआप होते, फरक आला तर सर्व्हरच्या पडद्यावर लाल पट्टी.

पहिल्यांदा चालवताना सिंगल ब्लॉक, झेड वर उचललेला वर्क ऑफसेट, फीड ओव्हरराइड खाली. सॉफ्टवेअर जुळलं म्हणून हे टाळायचं नाही.

२४ फेब्रुवारी : बाकी

टर्निंग सेंटरच्या २५ पिनच्या कनेक्टरवरचा ६-८-२० चा जोड सोल्डर सुटायला आला आहे, हुडसकट बदलायचा. व्हीएमसी-२ ची केबल १५ मीटरच्या वर आहे. सर्व्हरकडून मशीनजवळ इथरनेट नेऊन तिथे छोटा सिरियल कन्व्हर्टर बसवायचा, मग १९२०० पुन्हा करून बघायचं. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घेताना डीसी३ ला तो लगेच थांबतो का हे आधी ड्रिप फीडवर तपासून घ्यायचं, कारण त्याच्या पोटातल्या बफरमधली अक्षरं थांब म्हटल्यावरही जात राहतात आणि डीसी३ नंतर १० पेक्षा जास्त अक्षरं आली की ०८७ ठरलेला. एकट्या सीआरच्या ढिगातल्या फाइली ड्रॉइंग बघून होईपर्यंत सर्व्हरवर कुलूपबंद.